फिल्टर आपला, पाणी कुणाचं?

मंगळवारी संध्याकाळी होटगी रोडवरच्या नेहमीच्या गॅरेजवर बसलो होतो. माझ्या गाडीचं काम वेगळंच होतं, ब्रेकचं. तेवढ्यात एक छोटा हत्ती टोचन लावून आणला. मालक आणि ड्रायव्हर एकच, पन्नाशीचे मामा. एमआयडीसीतून चादरी-टॉवेलचे गठ्ठे भरायचे आणि ट्रान्स्पोर्टला नेऊन टाकायचे, हा रोजचा धंदा. गाडी आसरा पुलावर झटके मारत मारत बंद पडली. मागनं हॉर्नवर हॉर्न. माल गाडीतच.

मेस्त्रीनं डिझेल फिल्टर खोलला, आतलं सगळं एका रिकाम्या पाण्याच्या बाटलीत ओतलं आणि बाटली फळीवर ठेवली. पाच मिनिटांनी बघितलं तर वर डिझेल, खाली पाणी. चांगलं दोन बोटं.

"मालक, फोटो काढा. तुम्ही पेपरवाले ना?" मेस्त्री मला म्हणाला.

मामा म्हणाले, "फिल्टर तर दिवाळीला बदललाय की हो."

"मामा, फिल्टरची काय चूक? त्यानं अडवलं तेवढं अडवलं. भरल्यावर पुढं सोडणारच ना. आता नोजल काढून बघायला लागतील."

"मग ह्याचे पैसे कुणी द्यायचे?"

कुणीच उत्तर दिलं नाही. मेस्त्री पाना शोधायला लागला. मीही गप्प बसलो. पण तो प्रश्न डोक्यातनं गेला नाही, म्हणून ही पोस्ट लिहितोय. मोठी आहे. सवडीनं वाचा, पण वाचा. कारण गाडी तुमच्याकडेही आहे.

मित्रांनो, आधी फिल्टर म्हणजे काय ते बघू. टाकी आणि इंजिन यांच्यामध्ये बसवलेली ही एक चाळणी. आत घडी घातलेला खास कागद असतो. इंधनातली धूळ, गंज, टाकीच्या तळाचा गाळ तो अडवतो. डिझेल गाड्यांमध्ये आणखी एक सोय असते. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते फिल्टरच्या तळाशी साचतं आणि खालचा स्क्रू ढिला करून काढून टाकता येतं. बऱ्याच गाड्यांत पाणी साचलं की डॅशबोर्डवर दिवा लागतो. पेट्रोल गाड्यांचा फिल्टर मात्र मुख्यतः कचऱ्यासाठी असतो, पाणी अडवणं हे त्याचं काम नाही.

हे सगळं कशासाठी? आजच्या डिझेल इंजिनात इंधन हजार-दीड हजार बार आणि त्याहूनही जास्त दाबानं फवारलं जातं. आपल्या चाकात हवा असते दोन-सव्वादोन बार, यावरून अंदाज करा. इंजेक्टरची भोकं केसाएवढी बारीक. आणि त्या पंपाला, इंजेक्टरला वेगळं ऑइल नसतं. वंगण म्हणजे ते डिझेलच. त्यात पाणी आलं की वंगण गेलं, गंज आला, घासाघीस सुरू झाली. फिल्टर काही शे रुपयांत येतो. पंप आणि इंजेक्टरचं काम निघालं की हिशेब हजारांत जातो, आणि छोट्या हत्तीवाल्याची महिन्याची कमाई त्यात जाते. बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही.

आता आपल्या चुका आधी मान्य करतो, नाहीतर कमेंटमध्ये कुणीतरी म्हणणारच, "तुम्ही मेंटेनन्स करत नाही आणि बोंबलता."

खरंय. आपण करत नाही. ऑइल बदलतो कारण मेस्त्री काडी काढून दाखवतो. टायर बदलतो कारण गुळगुळीत झालेलं दिसतं. फिल्टर दिसत नाही, म्हणून तो आठवत नाही. गाडीच्या पुस्तकात तो किती किलोमीटरला बदलायचा ते छापलेलं असतं. डिझेलला साधारण वीस ते चाळीस हजारांच्या दरम्यान, मॉडेलप्रमाणे. ते पुस्तक आपण गाडी घेतल्या दिवशी डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकतो ते गाडी विकतानाच बाहेर काढतो. बऱ्याच नव्या पेट्रोल गाड्यांत तर फिल्टर टाकीच्या आत, पंपाबरोबरच असतो. तो आहे हेच पुष्कळांना माहीत नाही.

दुसरी चूक म्हणजे लाल लाइटवर गाडी चालवायची सवय. "शंभरचं टाक बे" म्हणत पंपावर उभं राहायचं. टाकी कायम रिकामी राहिली की आतल्या मोकळ्या हवेतला दमटपणा पाणी होऊन खाली उतरतो. वर टाकीतला पंप इंधनातच बुडून थंड राहणारा, तो तापतो. निदान पाव टाकी तरी ठेवा.

तिसरी चूक, बिलावर विश्वास. मागच्या वर्षी एका सर्व्हिसिंगला माझ्या बिलात "फ्युएल फिल्टर" लिहिलेलं होतं, पैसे लावलेले होते. सहा महिन्यांनी दुसऱ्या मेस्त्रीनं खोलला तर आत जुनाच, काळाकुट्ट. कुठलं गॅरेज ते लिहीत नाही, कारण माझ्याकडे पुरावा नाही. पुरावा नाही याला जबाबदार मीच, कारण जुना फिल्टर परत मागितला नव्हता. तेव्हापासून मागतो. तुम्हीही मागा. नवा बसवताना समोर उभे राहा, जुना पिशवीत घालून घ्या.

एवढं आपलं झालं. हे सगळं करूनसुद्धा फळीवरच्या बाटलीत दोन बोटं पाणी निघालं, त्याचं काय? टाकीतल्या दमटपणानं थेंब साचतात, दोन बोटं पाणी साचत नाही. हे पाणी मामांनी पैसे मोजून विकत घेतलंय. डिझेलच्या भावानं.

जून 2025 मधली मध्य प्रदेशातली बातमी आठवते का? मुख्यमंत्री मोहन यादव यांच्या ताफ्यातल्या तब्बल 19 गाड्यांनी रतलामजवळ डोसीगावच्या पंपावर डिझेल भरलं. थोड्याच अंतरावर एकामागून एक गाड्या बंद. धक्का मारून रस्त्याच्या कडेला लावाव्या लागल्या. टाक्या खोलल्या तर डिझेलमध्ये पाणी. मग काय झालं? रातोरात अधिकारी पंपावर हजर, नमुने घेतले, पंप सील. पावसाचं पाणी जमिनीखालच्या टाकीत झिरपलं असावं, असं सांगण्यात आलं.

कारवाई झाली, चांगलंच झालं. पण माझा साधा सवाल आहे. त्याच दिवशी त्या पंपावर ज्या टेम्पोवाल्यानं, ज्या शेतकऱ्यानं ट्रॅक्टरसाठी डिझेल भरलं, तो एकटा असता तर रातोरात कोण आलं असतं? त्याला काय ऐकायला मिळालं असतं हे आपल्याला पाठ आहे. "तुमच्याच टाकीत पाणी असेल." "फिल्टर बदला." संपला विषय.

माझं म्हणणं एवढंच आहे की "फिल्टर बदला" हे वाक्य आता जबाबदारी झटकायचं वाक्य झालंय. फिल्टर हा शेवटचा राखणदार. त्याच्या आधी डेपो आहे, टँकर आहे, पंपाची जमिनीखालची टाकी आहे, नोजल आहे. प्रत्येक टप्प्यावर तपासणीचे नियम आहेत. ते पाळले गेले तर फिल्टरच्या वाट्याला किरकोळ कचरा येतो. पाळले गेले नाहीत तर सगळा भार आपल्या गाडीतल्या त्या मूठभर कागदावर, आणि खर्च आपल्या खिशावर.

हे नियम काही गुप्त नाहीत. टँकर आला की माल उतरवण्याआधी तपासायचा, त्याचा नमुना जपून ठेवायचा. टाकीत पाणी आहे का ते रोज बघायचं. त्यासाठी रंग बदलणारी पेस्ट असते, ती काठीला लावून टाकीत सोडतात. घनता रोज मोजून नोंदवायची. आणि ग्राहकानं मागितलं तर पंपावर या गोष्टी फुकट दाखवायच्या:

1) पेट्रोलसाठी फिल्टर पेपर. नोजलचं तोंड पुसून एक थेंब कागदावर टाकायचा. दोनेक मिनिटांत उडून गेला पाहिजे. तेलकट डाग राहिला तर भेसळीची शंका घ्यायची. (हा प्रयोग डिझेलला चालत नाही.)

2) घनता. काचेच्या नळकांड्यात इंधन घेऊन हायड्रोमीटर आणि थर्मामीटरनं मोजतात, 15 अंश तापमानाला काय येईल ते तक्त्यावरून काढतात आणि रजिस्टरमधल्या आकड्याशी ताडून बघतात. फरक 3 पेक्षा जास्त आला तर काहीतरी गडबड आहे.

3) पाच लिटरचं शिक्का मारलेलं माप. पाणी नसेल पण माप कमी असेल, तर तेही कळायला हवं.

मी स्वतः गेल्या महिन्यात शहरातल्या एका पंपावर घनता दाखवा म्हणालो. नळी भरणाऱ्या पोरानं माझ्याकडे असं बघितलं जणू मी त्याची किडनी मागितली. मग "मॅनेजर नाहीत", मग "थर्मामीटर फुटलाय", मग "मागं लाइन लागलीय, गाडी बाजूला घ्या". लाइनीतला एक जण मलाच म्हणाला, "अण्णा, कशाला टाइम खाताय?" त्या पोराचा राग नाही. बारा-बारा तास उन्हात उभं राहणारं पोरगं ते. राग त्या लाइनीतल्या भाऊचा जास्त आला. त्याच्यासाठीच तर विचारत होतो.

आता इथेनॉलकडे येतो, कारण त्याशिवाय सोलापुरात हा विषय पूर्ण होत नाही.

आपला जिल्हा उसाचा, कारखान्यांचा. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळायचं धोरण 2023 पासून टप्प्याटप्प्यानं आलं, आता पंपावर साधं पेट्रोल मागितलं की तेच मिळतं. माझ्या नात्यातल्या निम्म्या लोकांचं ऊसबिल कारखान्यावर अवलंबून आहे. त्यामुळे इथेनॉलला शिव्या घालणाऱ्यांत मी नाही. पण शेतकऱ्याच्या नावाखाली गाडीवाल्याला गप्प बसवणाऱ्यांतही मी नाही. आपल्याकडे शेतकरी आणि गाडीवाला हे दोन वेगळे लोक नाहीतच. मोहोळचा ऊसवाला सोलापूरला येतो तो 2014 च्या मोटारसायकलवरच.

शास्त्र साधं आहे. इथेनॉल पाणी ओढून घेतं. थोडं पाणी असेल तर ते पोटात मुरवतं. मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाला बसतात. गाडीचा पंप इंधन उचलतो तो तळातूनच. म्हणजे गाडीला पेट्रोल नाही, भलतंच काहीतरी मिळतं. म्हणून इथेनॉलच्या पेट्रोलला पंपाची टाकी कोरडी ठेवणं पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त महत्त्वाचं आहे. शिवाय इथेनॉल जुन्या टाकीत चिकटलेली घाण सोडवतं, ती फिल्टरमध्ये येऊन बसते. जुन्या गाड्यांतले काही रबरी पाइप, वॉशर त्यानं फुगतात. जुनी गाडी असेल तर फिल्टर आणि हे पाइप लवकर तपासून घ्या, पुस्तकातल्या किलोमीटरची वाट बघू नका.

सरकारचं म्हणणं काय? ऑगस्ट 2025 मध्ये पेट्रोलियम मंत्रालयानं खुलासा केला की भीती निराधार आहे, काही जुन्या वाहनांत वीस-तीस हजार किलोमीटरनंतर रबरी भाग बदलावे लागू शकतात, पण ते स्वस्तात आणि नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये होतं. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात मात्र जुन्या धाटणीच्या चारचाकींचं मायलेज 6 ते 7 टक्के आणि दुचाकींचं 3 ते 4 टक्के कमी होईल असा अंदाज होता. पुढे 1 सप्टेंबर 2025 ला इथेनॉलविना पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयानं फेटाळली. ठीक आहे. धोरण आलं, कोर्टानं मान्य केलं, आपणही मान्य करू.

पण "स्वस्तात होतं" म्हणजे कुणाला स्वस्तात? खर्च थोडा असेल तर तो कंपन्यांनी उचलावा. जुन्या गाड्यांसाठी एकदा फुकट तपासणी शिबिरं घ्या, फिल्टर आणि रबरी भाग सवलतीत द्या. गावोगावी डोळे तपासणी शिबिर होतं, गाडीचं का होऊ नये? धोरण दिल्लीत ठरणार, इथेनॉल आपल्या जिल्ह्यात बनणार, आणि फिल्टरचं बिल रिक्षावाल्यानं भरायचं, हा हिशेब मला पटत नाही.

पंपचालकांची बाजूही ऐकली पाहिजे. ते म्हणतात, माल डेपोतून येतो, टँकर कंपनीच्या ठेक्यातला असतो, सगळं आमच्याच माथी का? त्यात तथ्य आहे. सगळे पंपवाले चोर नाहीत, रोज इमानदारीत काठी बुडवून पाणी बघणारेही आहेत. म्हणूनच म्हणतो, टँकरचा नमुना जपा आणि तक्रार आली की तो काढा. चूक डेपोची, टँकरची की टाकीची हे त्यातनंच ठरेल. इमानदार पंपवाल्याला तपासणीची भीती नसते.

आणि हे प्रकरण फक्त दोन बोटं पाण्याचं नाही. वयानं लहान वाचकांना कदाचित माहीत नसेल. 25 जानेवारी 2011, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, मनमाडजवळ मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना इंधन भेसळ करणाऱ्यांनी भर दिवसा जिवंत जाळलं. रस्त्यात संशयास्पद टँकर दिसले म्हणून ते थांबले होते, एवढाच त्यांचा गुन्हा. मनमाडला इंधनाचे डेपो आहेत. आपल्याकडे पाकणीला आहेत. पाकणीत असं काही चालतं असं मी म्हणत नाही. म्हणतो ते एवढंच, की तपासणी करणाऱ्या माणसानं या राज्यात त्यासाठी जीव दिलाय, आणि आपण फुकटचा फिल्टर पेपर मागायलाही लाजतो.

सप्टेंबर 2025 मध्ये सीनेला आलेला पूर आपण बघितला. लांबोटीजवळ पुणे महामार्ग बंद पडला होता. असा पूर, असा पाऊस झाला की जमिनीखालच्या टाक्यांची झाकणं, पाइप, सगळं धोक्यात येतं. मग माझ्या मागण्या या:

जिल्हा पुरवठा विभागानं प्रत्येक पावसाळ्यानंतर, आणि पुरानंतर तर लगेच, जिल्ह्यातल्या सगळ्या पंपांच्या टाक्यांची पाणी तपासणी करावी आणि पंपनिहाय निकाल जाहीर करावा.

प्रत्येक पंपावर मराठीत, माणसाला वाचता येईल एवढ्या अक्षरात लिहावं: आजची घनता किती, इथेनॉल किती टक्के, तपासणी फुकट, तक्रार कुणाकडे.

पाणी निघालं हे सिद्ध झालं तर फक्त पंप सील करून थांबू नका. त्या दिवशी तिथं इंधन भरलेल्या गाड्यांची टाकी साफ करण्याचा, फिल्टरचा आणि इंजेक्टरचा खर्च वसूल करून द्या.

आणि आपण काय करायचं? पावती घ्या. मामांची केस तिथंच मेली. त्या दिवशी त्यांनी दोन ठिकाणी डिझेल टाकलं होतं, रोख, पावती एकाचीही नाही. कुणाविरुद्ध लिहू मी? पावती घ्या, मोबाइलनं पैसे द्या, म्हणजे नोंद राहते. गाडी भरल्यावर लगेच झटके मारायला लागली तर पुढं दामटू नका, थांबा. पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नका. इंधन काढताना व्हिडिओ करा, नमुना स्वच्छ बाटलीत वेगळा ठेवा, जुना फिल्टर फेकू नका, मेस्त्रीकडून लेखी घ्या. पेट्रोलच्या लाइनीला घरी हात लावू नका, त्यात दाब असतो, आग लागू शकते. पंपावरच्या तक्रार वहीत लिहा, तिथं लावलेल्या कंपनी अधिकाऱ्याच्या नंबरवर फोन करा, पुरवठा कार्यालयात अर्ज द्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही.

मामांची गाडी तिसऱ्या दिवशी निघाली. तीन दिवस धंदा बुडाला तो वेगळाच. ती बाटली मात्र मी मेस्त्रीकडून मागून आणलीय. माझ्या टेबलावर आहे, वर डिझेल, खाली पाणी. पावती नाही म्हणून ती कुणाविरुद्ध पुरावा होत नाही. पण पुढच्या वेळी कुणी म्हणालं, "पत्रकार, उगाच बोंब मारू नका", तर दाखवायला ठेवलीय.

तुमच्याकडे असा अनुभव, पावती, फोटो असेल तर इनबॉक्समध्ये पाठवा. पंपाचं नाव कमेंटमध्ये उघड लिहू नका, पुराव्याशिवाय बदनामी नको. चार-पाच पक्क्या केसेस जमल्या की अर्ज घेऊन आपण मिळून पुरवठा कार्यालयात जाऊ.

आणि उद्या पंपावर गेलात तर झिरो बघताय तसं एकदा म्हणा, "मालक, घनता दाखवा की." रोज दहा जणांनी म्हटलं तरी फुटलेला थर्मामीटर आठवड्यात नवा येतो बघा.